एका गावाला बांधलेला छायाचित्रकार

फ्रँक मेडो सटक्लिफ हे नाव आपल्या महाविद्यालयात फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. छायाचित्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांना मात्र ते टाळून पुढे जाता येत नाही. धुक्यात बुडालेले बंदर, ओल्या धक्क्यावर घोळक्याने उभी असलेली अनवाणी पोरे, टोपल्या घेऊन खडकांतून चालणाऱ्या कोळणी, अरुंद बोळाच्या टोकाला दिसणारे शिडाचे जहाज, अशी त्याची चित्रे आहेत. ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी नावाच्या एका लहानशा बंदराची आहेत, आणि एकाच माणसाने अर्ध्या आयुष्याहून अधिक काळ तेथे राहून ती घेतली.

मी इतिहासाचा विद्यार्थी. आमच्या विषयात पुरावा म्हटला की बखर, सनद, पत्र, तहनामा, सरकारी दप्तर. गल्लीबोळांना, दुकानांच्या पाट्यांना, कामावर निघालेल्या माणसांच्या कपड्यांना दप्तर नसते. म्हणून अशी चित्रे पाहिली की मला त्या गावाचा हेवा वाटतो, आणि त्याबरोबर एक शंकाही येते. इतके देखणे चित्र खरे मानायचे का? ज्या माणसाला सौंदर्य हवे होते त्याची साक्ष इतिहासाने कितपत ग्राह्य धरावी? सटक्लिफच्या चरित्रात मी शिरलो तो मुख्यतः या शंकेपायी.

त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १८५३ चा, लीड्स शहरालगतच्या हेडिंग्लीचा. वडील टॉमस सटक्लिफ जलरंगातील चित्रकार. घरात रंग, कागद, छापण्याचे सामान यांचा पसारा. चित्रे विकून मिळणारा पैसा मात्र बेताचा. मुलाचे शिक्षण फारसे झाले नाही. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला लीड्समधील टेटलीच्या बिअरच्या कारखान्यात कारकुनीला चिकटवून दिले. तेथे त्याचे मन रमणे शक्यच नव्हते. पुढे लेक प्राइस याचे छायाचित्रणाच्या कृतींवरील एक पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्याला आपला मार्ग दिसला. १८७० साली कुटुंब व्हिटबीजवळ राहायला आले, आणि दुसऱ्याच वर्षी वडील वारले. फ्रँक थोरला. अठराव्या वर्षी घरची सगळी जबाबदारी त्याच्या अंगावर पडली. चित्रकाराच्या मुलाने हौस म्हणून धरलेला कॅमेरा आता पोटासाठी चालवायचा होता.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण त्यावाचून पुढचे नीट उमगणार नाही. लाकडी पेटीसारखा अवजड कॅमेरा, तिवई, काचांची पेटी, रसायनांच्या बाटल्या आणि एक काळोखा तंबू एवढा संसार बरोबर न्यावा लागे. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरवायचा, मग ती काळोखात चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे. घेतल्यावर लगेच तंबूत शिरून ती धुवायची. काच वाळली की सारे फुकट. म्हणजे थोड्याच मिनिटांचा खेळ, आणि तोही समुद्रावरच्या वाऱ्यात. शिवाय काचेवर प्रकाश उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ समोरचा माणूस हलला की त्याचा नुसता धूसर पट्टा उमटे. चालत निघून गेला तर काहीच उमटत नसे. जुन्या फोटोंतले रस्ते आपल्याला ओसाड दिसतात ते यामुळे. रस्ता भरलेला असायचा, पण चालणाऱ्या माणसांची नोंद घेणे काचेला जमत नव्हते.

१८७२ च्या सुमारास सटक्लिफला फ्रान्सिस फ्रिथ याचे काम मिळाले. फ्रिथ हे त्या धंद्यातले मोठे प्रस्थ. इजिप्तमध्ये हिंडून नाव कमावल्यावर त्याने रायगेट येथे कारखानाच काढला होता, आणि ब्रिटनमधील गाव न् गाव कॅमेऱ्यात आणून त्याचे छाप दुकानांतून विकायचा त्याचा बेत होता. सटक्लिफकडे यॉर्कशरमधील जुने मठ आणि किल्ले आले. ही चित्रे जॉन रस्किनच्या नजरेस पडली, आणि १८७३ साली या विशीतल्या पोराला रस्किनने कोनिस्टन सरोवराकाठच्या आपल्या ब्रँटवूड या घरी फोटो काढण्यासाठी बोलावून घेतले. मला वाटते, फ्रिथ आणि सटक्लिफ यांची तुलना येथेच मनात धरून ठेवावी. फ्रिथची माणसे गावात येत, हमरस्त्याचे, चर्चचे, पुलाचे चित्र घेत आणि पुढच्या गावाला जात. त्या चित्रांचा उपयोग फार मोठा आहे, त्यांना कमी लेखायचे नाही. पण पाहुण्याला गाव जितके दिसते तितकेच त्यांत दिसते.

सटक्लिफला तरी गावात राहायचे कुठे होते! १ जानेवारी १८७५ ला त्याने व्हिटबीतील एका बूट बनविणाऱ्याच्या मुलीशी, एलायझा वेदरिल डक हिच्याशी लग्न केले आणि बिऱ्हाड थेट दक्षिणेत टनब्रिज वेल्सला हलविले. ते श्रीमंतांचे हवापालटाचे ठिकाण. तेथे स्टुडिओ थाटला की गिऱ्हाइकांना तोटा नाही, असा हिशेब असावा. हिशेब साफ चुकला. थोड्याच अवधीत गाशा गुंडाळून तो हात हलवीत परत आला. व्हिटबीत वॉटर्लू यार्ड नावाच्या आवारात एक जुना, बंद पडलेला कारखाना होता. तो घेऊन त्याने तेथे स्टुडिओ सुरू केला.

तो कारखाना जेटचा होता. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडांच्या लाकडापासून झालेला, काळाकुळकुळीत आणि वजनाला हलका असा पदार्थ. व्हिटबीच्या कड्यांत तो सापडतो. कोरून घासला की आरशासारखा चमकतो. १८६१ साली व्हिक्टोरिया राणीचा पती अल्बर्ट वारला, राणीने काळी वस्त्रे धारण केली, आणि सुतकात घालायचे दागिने म्हणून जेटला एकाएकी सोन्याचे दिवस आले. भरभराटीच्या काळात या लहान गावात हजारावर माणसे जेट कोरून पोट भरीत होती. पुढे फॅशन पालटली, नकली माल आला, आणि धंदा जितक्या वेगाने वाढला तितक्याच वेगाने बसला. गावाची ही सवयच म्हणायची. देवमाशांची शिकार एकेकाळी येथला मोठा धंदा. तो १८३७ पर्यंत संपला. कॅप्टन कुक याच गावात उमेदवारी करून दर्यावर्दी झाला आणि त्याचे एन्डेव्हर जहाज येथेच बांधले गेले. पण लाकडी जहाजे बांधण्याचे कामही सटक्लिफ आला त्याच सुमारास थंडावले. एकामागून एक धंदे बसत होते, आणि नेमक्या त्याच वेळी कॅमेरा घेऊन उभा राहणारा माणूस गावाला मिळाला. त्याला त्याची कल्पना नव्हती, गावाला तर नव्हतीच.

गावाची रचना लक्षात घेतली पाहिजे. एस्क नदी गावाचे दोन तुकडे करून समुद्राला मिळते. पूर्वेच्या कड्यावर जुन्या मठाचे भग्नावशेष, शेजारी सेंट मेरीचे चर्च आणि तेथे चढून जायला १९९ पायऱ्या. पायऱ्यांच्या तळाशी कोळी आणि खलाशी यांची दाट वस्ती. पश्चिमेच्या कड्यावर रेल्वे आल्यानंतर उभी राहिलेली हॉटेले आणि पाहुण्यांची घरे. सटक्लिफचे पोट पश्चिमेवर चाले आणि मन पूर्वेकडे ओढ घेई. उन्हाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत हवा खायला आलेले लोक स्टुडिओत येत, पडद्यापुढे बसत, फोटो काढून घेत. त्या आठवड्यांच्या कमाईवर वर्ष काढायचे. दूर देशी जाऊन चित्रे घेण्याची उसंतही नाही आणि ऐपतही नाही. मैल-दोन मैलांच्या दोरीने आपण या गावाला बांधले गेलो आहोत, ही खंत त्याने पुढे लिहूनही ठेवली आहे. हंगाम सरला की मात्र तो आपला राजा. मग धक्क्यावर, बोळांतून, शेजारच्या रन्सविक आणि स्टेद्स या कोळ्यांच्या गावांतून, एस्कच्या खोऱ्यातील शेतांवरून कॅमेरा घेऊन तो हिंडे.

या दोरीनेच त्याला घडविले, असे माझे मत आहे. तीच गल्ली तो पहाटे पाही, दुपारी पाही, भरतीला आणि ओहोटीला पाही. धुराड्यांचा धूर आणि समुद्रावरून येणारे धुके यांनी मागची घरे कधी विरळ होतात हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याच्या चित्रांत जवळचे ठसठशीत आणि दूरचे पुसट असे थर पडतात. आणि मुख्य म्हणजे माणसे त्याच्यासमोर अवघडून बसत नाहीत. जो माणूस रोज दिसतो त्याच्याकडे कोण टक लावून पाहणार? आपल्या वार्षिक अंकांतील ग्रुप फोटो आठवा. मधोमध प्राचार्य, दोन्ही बाजूंना प्राध्यापक, मागे आम्ही श्वास रोखून उभे. त्या फोटोवरून शंभर वर्षांनी कुणाला आमच्याविषयी काय कळेल? फार तर इमारतीला रंग कोणता होता ते.

आता माझ्या शंकेकडे येतो. सटक्लिफची चित्रे सहज टिपलेली वाटतात, पण पुष्कळशी मांडलेली आहेत. सेकंदभर का होईना माणसांना स्थिर राहायला सांगावे लागे. कुणी कुठे उभे राहायचे, कुणी पाठ करायची हे तो ठरवी. बंदराच्या कठड्याला रेलून गप्पा मारणारे खलाशी खरोखर गप्पा मारीत असतीलच असे नाही. आणखी एक. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला भारी हळव्या आणि तांबड्याला जवळजवळ आंधळ्या. त्यामुळे आभाळ पांढरेफटक येई आणि वाऱ्यापावसाने रापलेले खलाशांचे तांबूस चेहरे होते त्याहून काळे आणि सुरकुतलेले दिसत. त्या चेहऱ्यांवरचे दारिद्र्य मोजताना इतिहासकाराने थोडी वजावट धरलेली बरी. हे सगळे मान्य केले, तरी शिल्लक काय उरते? बूट उरतात. जाळी उरतात. गळाच्या दोऱ्या भरलेल्या टोपल्या, दाराशी मांडलेले पिंप, वाळत घातलेले कपडे, फरसबंदीतली खाच उरते. माणसाला अमक्या जागी उभे राहा असे सांगता येते. त्याच्या पायांत बूट नसले तर ते कुठून आणणार? सटक्लिफने जे मांडले ते कलेचे, आणि मांडता मांडता जे आपसूक आत आले ते इतिहासाचे, अशी वाटणी मी माझ्यापुरती करून घेतली आहे.

आमिष गोळा करणाऱ्या बायकांची चित्रे घ्या. लांब दोरीला शेकडो गळ लावून मासे धरायचे तर प्रत्येक गळाला आमिष हवे. खडकांना घट्ट चिकटलेले शिंपले खरवडून काढायचे, घरी आणून त्यांतले मांस सोडवायचे, गळांना लावायचे आणि दोरी गुंता न होता टोपलीत वेटोळी करून ठेवायची, ही सारी कामे बायका-मुलींची. कामाचे खडक गावापासून कित्येक मैल लांब असत. पुरुष समुद्रावर जायचा त्याच्या आधीच घरातल्या बाईचा दिवस उजाडलेला असे. ऑगस्ट-सप्टेंबरात हेरिंगचा हंगाम आला की स्कॉटलंडच्या आणि कॉर्नवॉलच्या होड्यांनी बंदर भरून जाई. हे श्रम कागदी दप्तरात फारसे सापडत नाहीत. सटक्लिफच्या चित्रात त्या मुली टोपल्या घेऊन उभ्या आहेत, वर खोचलेल्या घागऱ्यांनिशी. चित्र सुंदर आहे आणि त्यांचे हातपाय मजुराचे आहेत.

हेन्री फ्रीमन याचे चित्र तर इतिहासाचे पानच आहे. ९ फेब्रुवारी १८६१ च्या वादळात व्हिटबीच्या जीवरक्षक होडीने एका दिवसात अनेक जहाजांवरील माणसे वाचविली, आणि पुन्हा निघाली तेव्हा ती उलटली. तेरापैकी बारा जण बुडाले. वाचला तो एकटा फ्रीमन, कारण बुचाच्या लाकडाचे नव्या पद्धतीचे जाकीट त्या होडीत फक्त त्याच्या अंगात होते. पुढे अनेक वर्षांनी तेच तसले जाकीट घालून तो सटक्लिफच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. दाढी, रुंद खांदे, शांत डोळे. बारा सोबती मागे ठेवून आलेला माणूस दिसतो कसा, तर असा दिसतो.

सटक्लिफला जगभर नेले ते १८८६ च्या चित्राने. त्याचे नाव पाण्यातले उंदीर अशा अर्थाचे आहे. एव्हाना कोरड्या काचा बाजारात आल्या होत्या, तंबूचे झंझट सुटले होते. उन्हाळ्याच्या दिवशी बंदरातल्या संथ पाण्यात गावची पोरे उघडीनागडी होडीभोवती खेळत आहेत, मागे सारे धुक्यात विरलेले. यात कुणाला वावगे वाटेल असे आज मनात येत नाही. पण गावच्या धर्मगुरूंनी हे चित्र तरुणांना बिघडविणारे ठरवून सटक्लिफला बहिष्कृत केले असे सांगितले जाते. त्याच चित्राची मोठी प्रत युवराजांनी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, आपल्या वाड्यासाठी मागविली हेही सांगितले जाते. मला त्या चित्रात वेगळेच जाणवते. अंगावर कपडे नसल्यामुळे कोण कोळ्याचा आणि कोण हॉटेलवाल्याचा हे त्यात कळत नाही. इतर सर्व चित्रांत कळते.

एक बोळ मात्र मला विशेष सांगायचा आहे. व्हिटबीत पाण्याकडे उतरणाऱ्या अरुंद वाटांना जे नाव आहे, त्याचे इंग्रजी स्पेलिंग इंग्रज लोक पूर्वी आपल्या सह्याद्रीच्या घाटांचे करीत नेमके तसेच आहे. नाते खरे की नुसते लेखणीचे, हा भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांचा प्रांत. यांपैकी टिन घाट हा चित्रकारांचा फार लाडका. दोन्ही बाजूंनी झुकलेली घरे, मध्ये पायऱ्या, टोकाला पाणी. सटक्लिफने त्याचेही चित्र घेतले.

पुढची हकीकत मानसन्मानांची आहे, ती थोडक्यात आटोपतो. १८८८ साली लंडनच्या कॅमेरा क्लबात त्याच्या एकट्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १८९२ साली छायाचित्रण ही कला आहे असे मानणाऱ्यांनी लिंक्ड रिंग नावाचे मंडळ स्थापले, त्याच्या पहिल्या सभासदांत तो होता. देशोदेशींच्या प्रदर्शनांतून साठाहून अधिक पदके मिळाली. १८९४ साली स्टुडिओ स्किनर स्ट्रीटवर गेला. कोडॅक कंपनीने हातात मावणारे नवे कॅमेरे त्याला वापरायला दिले, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या या माणसाला प्रथमच न थांबवता, न मांडता माणसे टिपता आली. बाजाराची गर्दी, जत्रेतली पोरे त्यांत हलताना दिसतात. जाणकार त्याच्या जुन्या काचांनाच श्रेष्ठ मानतात. मला ही झटपट चित्रे तितकीच मोलाची वाटतात, कारण त्यांत सटक्लिफ कमी आहे आणि गाव जास्त. यॉर्कशरच्या एका साप्ताहिकात त्याने वर्षानुवर्षे छायाचित्रणावर सदरही लिहिले.

त्याच्या चित्रांत काय नाही, हेही बोलले पाहिजे. व्हिटबीत लोखंडी आगबोटी बांधणारी गोदी १९०२ पर्यंत चालू होती. पण सटक्लिफ म्हटला की आपल्याला आठवतात त्या शिडाच्या होड्या. त्याला धूर आवडे तो घरांच्या धुराड्यांचा. जे जुने होत चालले होते, मोडकळीला आले होते, त्यावर त्याचा जीव; नव्या यंत्रांशी त्याची सोयरीक फारशी जमली नाही. केवळ त्याच्या चित्रांवरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे व्हिटबी उभे करू गेलो तर ते होते त्याहून जुने उभे राहील. फ्रिथच्या माणसांनी घाईघाईने घेतलेली कोरडी चित्रे अशा वेळी उपयोगी पडतात.

१९२२ च्या सुमारास, सत्तरीला टेकल्यावर त्याने धंदा विकून टाकला आणि गावच्या साहित्य-विज्ञान मंडळाच्या वस्तुसंग्रहालयाची देखभाल पत्करली. म्हणजे ज्या गावातून निसटण्याची धडपड केली त्याच्याच जुन्या वस्तू झाडूनपुसून चिठ्ठ्या लावण्याचे काम. ते त्याने जवळजवळ शेवटपर्यंत केले. १९३१ साली संग्रहालय पॅनेट पार्कमधील नव्या इमारतीत गेले तेव्हाही तोच तेथे होता. १९३५ साली रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्याला सन्माननीय सदस्यत्व दिले. ३१ मे १९४१ रोजी, युद्ध चालू असताना, वयाच्या ८७ व्या वर्षी तो वारला. व्हिटबीजवळच्या ऐसलबी गावाच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले.

धंद्याबरोबर काचाही विकल्या गेल्या होत्या. त्या घेणाऱ्याने भंगारात काढल्या नाहीत, आणि त्याच्यामागून आलेल्यांनीही नाहीत. कित्येक शेकडो काचा आज शाबूत आहेत. टिन घाट मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाडला गेला आणि त्या जागेवर मोटारी उभ्या करण्याची सोय झाली. त्या बोळात किती पायऱ्या होत्या आणि डावीकडच्या घराची खिडकी कुठे उघडत असे, हे आता त्या काचेवर भिंग धरून मोजावे लागते.